‘सर्व आवश्यक उपाययोजना’: लिबियातील उठाव आणि परकीय विमाने

१७ मार्च २०११ रोजी न्यूयॉर्कमध्ये सुरक्षा परिषदेपुढे ठराव क्रमांक १९७३ मताला टाकण्यात आला, तेव्हा लिबियात मध्यरात्र उलटून गेली होती. तरीही बेनगाझी शहराच्या चौकात हजारो लोक मोठ्या पडद्यावर ते मतदान पाहत उभे होते, कारण लिबियाचे राज्यकर्ते मुअम्मर गद्दाफी यांचे सैन्य बंडखोरांकडून एकेक गाव परत घेत बेनगाझीच्याच दिशेने येत होते. ठराव संमत होताच चौकात जल्लोष झाला. लिबियातील नागरिकांचे आणि नागरी वस्त्यांचे हल्ल्यांपासून रक्षण करण्यासाठी सदस्य देशांना ‘सर्व आवश्यक उपाययोजना’ करण्याची मुभा या ठरावाच्या चौथ्या कलमाने दिली. लिबियाच्या कोणत्याही भागावर कब्जा करणारे परकीय सैन्य मात्र कोणत्याही स्वरूपात असणार नाही, अशी अटही त्याच वाक्यात होती. अरब देशांतील उठाव आणि त्यांतील परकीय हस्तक्षेप हा विषय वरवर फार पसरलेला दिसतो, पण या एका वाक्याचा अर्थ कोणी कसा लावला हे पाहत गेले की त्यातला बराचसा गुंता उलगडतो.

उठावांची सुरुवात लिबियात झाली नव्हती. १७ डिसेंबर २०१० रोजी ट्युनिशियातील सिदी बुझिद या आडबाजूच्या गावात मोहम्मद बुअझीझी या फळविक्रेत्याचा माल आणि तराजू पालिकेच्या कर्मचाऱ्यांनी जप्त केला. दाद मागायला गेलेल्या त्या तरुणाला कोणी उभे केले नाही, आणि त्याने सरकारी कचेरीसमोर स्वतःला पेटवून घेतले. ४ जानेवारीला तो मरण पावला, आणि त्यानंतर दहाच दिवसांनी, २३ वर्षे सत्तेवर असलेले राष्ट्राध्यक्ष बेन अली देश सोडून सौदी अरेबियात पळाले. २५ जानेवारीला इजिप्तच्या राजधानीतील तहरीर चौक भरू लागला आणि ११ फेब्रुवारीला होस्नी मुबारक पायउतार झाले. या सगळ्या देशांत एकच घोषणा ऐकू येत होती: ‘अश्-शअब युरीद इस्कात अन्-निझाम’, म्हणजे जनतेला निझामाचा पाडाव हवा आहे. मराठी कानांना, विशेषतः मराठवाड्यातल्या, निझाम म्हटले की हैदराबादचे संस्थानिक आठवतात. अरबीत या शब्दाचा अर्थ घडी, व्यवस्था, राजवट असा आहे. एक माणूस खाली उतरणे आणि निझाम पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इजिप्तच्या लोकांना २०१३ च्या जुलैमध्ये सैन्याने पुन्हा सत्ता हातात घेतली तेव्हा कळले.

ट्युनिशिया आणि इजिप्त या दोन्ही ठिकाणी परकीय सैन्याचा प्रश्न आला नाही, याचे कारण त्या देशांच्या स्वतःच्या सैन्यात आहे. ट्युनिशियाचे सैन्य लहान होते आणि सत्तेच्या वाटेकऱ्यांत नव्हते, त्यामुळे ते बाजूला उभे राहिले. इजिप्तचे सैन्य अवाढव्य होते, कारखान्यांपासून जमिनींपर्यंत त्याचे स्वतःचे अर्थकारण होते, आणि ते वाचवण्यासाठी एका वृद्ध राष्ट्राध्यक्षाला सोडून देणे त्याला परवडणारे होते. दोन्ही देशांत राज्यकर्त्यापासून अलग अशी एक संस्था होती, आणि ती हलली की राज्यकर्ता पडत होता.

लिबियात अशी संस्थाच नव्हती, आणि ती नसावी याची काळजी चार दशके घेतली गेली होती. १ सप्टेंबर १९६९ रोजी राजे इद्रिस यांना पदच्युत करून गद्दाफी सत्तेवर आले तेव्हा ते अवघ्या २७ वर्षांचे होते. पुढे त्यांनी पक्षांवर बंदी घातली, संविधान ठेवले नाही, आणि जनता थेट राज्य करते अशी भूमिका घेऊन स्वतः कोणतेही औपचारिक पद न स्वीकारता सर्व सत्ता हातात ठेवली. लष्करी उठावातूनच वर आलेल्या या माणसाचा लष्करावर विश्वास असणे शक्य नव्हते. त्यामुळे नियमित सैन्य मुद्दाम कमकुवत ठेवले गेले. उत्तम शस्त्रे आणि उत्तम पगार मिळत होते ते मुलांच्या व नातलगांच्या हाताखालच्या खास तुकड्यांना. त्यात भूगोलाची भर होती. पश्चिमेला राजधानी त्रिपोली, पूर्वेला बेनगाझी आणि दक्षिणेला फेझ्झानचे वाळवंट हे तीन प्रदेश एका छत्राखाली आणले ते १९११ मध्ये आक्रमण करून आलेल्या इटालियन वसाहतवाद्यांनी. स्वातंत्र्य मिळाले २४ डिसेंबर १९५१ रोजी, आणि १९५९ मध्ये तेल सापडल्यावर तेच राज्याचे सर्वस्व झाले. तेलाचा बराच साठा पूर्वेकडच्या पट्ट्यात आणि पैसा मात्र त्रिपोलीत, ही बेनगाझीची जुनी तक्रार होती.

ठिणगीही बेनगाझीतच पडली. १९९६ मध्ये त्रिपोलीतील अबू सलीम तुरुंगात सुमारे १,२०० कैद्यांना ठार मारण्यात आल्याचा आरोप होता आणि त्यांची कुटुंबे अनेक वर्षे न्याय मागत होती. त्यांच्या वकिलाला १५ फेब्रुवारी २०११ रोजी अटक झाली, तेव्हा हीच कुटुंबे आधी रस्त्यावर आली. पोलिसांनी गोळ्या चालवल्या, जमावाने शस्त्रागारे फोडली, काही सैनिक आणि मंत्री उठावाच्या बाजूला आले, आणि आठवड्याभरात पूर्व लिबिया सरकारच्या हातून निसटला. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. लिबियातील आंदोलन फार लवकर सशस्त्र झाले, आणि सशस्त्र झालेल्या आंदोलनाला ‘नागरिक’ म्हणायचे की ‘युद्धातील एक बाजू’ म्हणायचे, हा प्रश्न पुढे सतत मागे लागला.

२२ फेब्रुवारीच्या दूरचित्रवाणी भाषणात गद्दाफींनी बंडखोरांना गल्लीगल्लीतून, घराघरातून शोधून काढण्याची धमकी दिली. २६ फेब्रुवारीला सुरक्षा परिषदेने ठराव १९७० एकमताने संमत केला. त्यात शस्त्रबंदी होती, मालमत्ता गोठवण्याची तरतूद होती आणि हे प्रकरण आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे सोपवले होते. भारतानेही त्याच्या बाजूने मत दिले. लष्करी कारवाईला मात्र त्यात जागा नव्हती.

आता कायदा थोडक्यात पाहू. संयुक्त राष्ट्रांची सनद एका देशाला दुसऱ्या देशाविरुद्ध बळ वापरायला मनाई करते. या मनाईतून सुटायच्या वाटा तीनच: हल्ला झाल्यास स्वसंरक्षण, सुरक्षा परिषदेची परवानगी, किंवा त्या देशाच्या सरकारचेच निमंत्रण. तिसरी वाट वाचकांनी विशेष लक्षात ठेवावी. शेजारच्या घरात मारहाण चालू असेल, तर या कायद्यानुसार घराचा कर्ता बाहेरच्या लोकांना मदतीला बोलावू शकतो. मार खाणारा बोलावू शकत नाही. अरब उठावांच्या काळात झालेले बहुतेक लष्करी हस्तक्षेप याच वाटेने आले, आणि लिबिया हा त्यातला मोठा अपवाद आहे.

या अपवादाची वैचारिक तयारी आधी झाली होती. रवांडा आणि बोस्नियातील कत्तली जगाने पाहत बसून होऊ दिल्या, या टोचणीतून २००५ च्या जागतिक शिखर परिषदेत सर्व देशांनी ‘संरक्षणाची जबाबदारी’ हे तत्त्व मान्य केले. आपल्या लोकांचे वंशसंहारापासून व तत्सम गुन्ह्यांपासून रक्षण करण्यात एखादे सरकार उघडपणे अपयशी ठरत असेल, तर सुरक्षा परिषदेमार्फत जगाने पुढे यावे, असा त्याचा आशय. लिबियात हे तत्त्व पहिल्यांदाच एका कार्यरत सरकारच्या इच्छेविरुद्ध, प्रत्यक्ष बॉम्बच्या रूपाने वापरले गेले.

१२ मार्च रोजी अरब लीग या अरब देशांच्या संघटनेने उड्डाणबंदी क्षेत्राची मागणी केली आणि अमेरिकेचा कल बदलायला मोठीच मदत झाली. आफ्रिकन युनियनचा मात्र लष्करी कारवाईला विरोध होता आणि तिची समिती मध्यस्थीच्या तयारीत होती. १७ मार्चला ठरावाच्या बाजूने १० मते पडली, विरोधात एकही नाही, आणि भारत, ब्राझील, रशिया, चीन व जर्मनी हे पाच देश तटस्थ राहिले. प्रत्यक्ष परिस्थितीची विश्वासार्ह माहिती हाती नाही, महासचिवांच्या दूताचा अहवाल अजून समोर आलेला नाही, आणि ही कारवाई नेमके कोण, कशी करणार हे स्पष्ट नाही, ही भारताची कारणे होती. त्यावर ‘कुंपणावर बसणे’ अशी टीका झाली, पण मला ती कारणे पुढच्या घटनांच्या उजेडात बऱ्यापैकी टिकलेली दिसतात. भारतासाठी हा केवळ तत्त्वाचा प्रश्नही नव्हता. लिबियात सुमारे १८,००० भारतीय काम करत होते. त्यांना आणण्यासाठी फेब्रुवारीच्या अखेरीस मुंबईहून नौदलाची जलाश्व आणि म्हैसूर ही जहाजे निघाली होती, आणि विमाने व भाड्याची जहाजे धरून १५,००० हून अधिक लोक मायदेशी आणले गेले.

‘उड्डाणबंदी क्षेत्र’ हा शब्द फसवा आहे. ऐकताना वाटते की आकाशात पहारा ठेवायचा आणि कोणी विमान उडवले तर हुसकावायचे. प्रत्यक्षात पहारा देणाऱ्या विमानांना खालून पाडले जाऊ नये म्हणून जमिनीवरची रडार केंद्रे, विमानवेधी क्षेपणास्त्रे आणि धावपट्ट्या आधी उद्ध्वस्त कराव्या लागतात. म्हणजे बंदीची सुरुवातच बॉम्बहल्ल्याने होते. अमेरिकेचे तेव्हाचे संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी हे मार्चच्या सुरुवातीलाच उघडपणे सांगितले होते. शिवाय बेनगाझीला खरा धोका विमानांपासून नव्हता, रस्त्याने येणाऱ्या रणगाड्यांपासून आणि तोफांपासून होता, आणि त्यांच्यासाठीच ‘सर्व आवश्यक उपाययोजना’ हे शब्द घातले होते. १९ मार्चला फ्रेंच विमानांनी बेनगाझीजवळच्या चिलखती ताफ्यावर हल्ला केला आणि त्याच दिवशी अमेरिका व ब्रिटनने शंभराहून अधिक क्रूझ क्षेपणास्त्रे डागली. दुसऱ्याच दिवशी अरब लीगचे महासचिव अम्र मूसा यांनी आपण मागितले होते ते हे नव्हे, अशी तक्रार केली. (जाता जाता: विमानातून युद्धात बॉम्ब टाकल्याची जगातली पहिली घटना १ नोव्हेंबर १९११ रोजी याच भूमीवर, त्रिपोलीच्या परिसरात घडली होती, बॉम्ब टाकणारा वैमानिक इटालियन होता.)

बेनगाझी वाचले, हे मान्य करायला हवे. ते खरोखरच कत्तलीच्या उंबरठ्यावर होते का, यावर मतभेद आहेत. गद्दाफींनी प्रतिकार करणाऱ्यांना दया दाखवणार नाही असे म्हटले, पण शस्त्रे टाकणाऱ्यांना अभय देऊ असेही म्हटले होते. ब्रिटिश संसदेच्या परराष्ट्र व्यवहार समितीने सप्टेंबर २०१६ च्या अहवालात नागरिकांवरील धोका वाढवून मांडला गेला असा निष्कर्ष काढला. पण शहराच्या वेशीवर तोफा असताना त्या धमकीतला कोणता अर्धा भाग खरा मानायचा, हा निर्णय पाच वर्षांनी समितीच्या दालनात बसून घेण्याइतका सोपा नव्हता, असे माझे मत आहे.

खरी अडचण त्यानंतर सुरू होते. शहर वाचवल्यावर विमानांनी काय करायचे? थांबले तर गद्दाफींचे सैन्य पुन्हा येणार, आणि न थांबावे तर कुठवर जायचे हे ठरावात लिहिलेले नव्हते. जोवर हे सरकार आहे तोवर नागरिक सुरक्षित नाहीत, असे एकदा मानले की नागरिकांचे रक्षण आणि सरकार पाडणे यांतील रेघ पुसट होते. एप्रिलच्या मध्यावर अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्सचे नेते ओबामा, कॅमेरॉन आणि सार्कोझी यांनी संयुक्त लेख लिहून गद्दाफी सत्तेवर असलेल्या लिबियाच्या भवितव्याची कल्पनाच करता येत नाही असे जाहीर केले, तेव्हा ती पुरती पुसली गेली. त्याच सुमारास आफ्रिकन युनियनने युद्धविराम आणि वाटाघाटींचा प्रस्ताव आणला होता. गद्दाफींनी तो स्वीकारल्याचे सांगण्यात आले. त्यांच्या जाण्याची अट त्यात नसल्यामुळे बंडखोरांच्या परिषदेने तो नाकारला, आणि नाटो या पाश्चात्त्य लष्करी आघाडीची विमाने पाठीशी असताना त्यांनी तो का स्वीकारावा, हेही समजण्यासारखे आहे. बाहेरून मिळणारे बळ एका बाजूची तडजोडीची गरजच संपवते.

ठरावातल्या शस्त्रबंदीचे आणि ‘कब्जा सैन्य नको’ या अटीचेही असेच झाले. फ्रान्सने डोंगराळ भागातील बंडखोरांना हवेतून शस्त्रे पुरवल्याचे जूनमध्ये मान्य केले, आणि आपले शेकडो सैनिक जमिनीवर होते असे कतारच्या सेनाप्रमुखांनी युद्ध संपताना सांगून टाकले. कब्जा करत नाही तोवर ते कब्जा सैन्य नव्हे, असा अर्थ लावला गेला. ऑगस्टमध्ये त्रिपोली पडले. २० ऑक्टोबरला सिर्त शहरातून पळणाऱ्या वाहनांच्या ताफ्यावर नाटोने हल्ला केला, ताफा विखुरला, आणि त्यातून वाचलेल्या गद्दाफींना बंडखोरांनी पकडल्यावर ते मारले गेले. पळून जाणारा ताफा त्या क्षणी कोणत्या नागरिकांना धोका होता, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. ३१ ऑक्टोबरला नाटोची मोहीम संपली. विमानांनी सुमारे २६,००० उड्डाणे केली होती आणि नाटोचा एकही सैनिक लढाईत मेला नव्हता. नाटोच्या हल्ल्यांत किमान ७२ नागरिक दगावल्याची नोंद ह्यूमन राइट्स वॉचच्या तपासात आहे. दरम्यान मिस्राता शहराच्या सशस्त्र गटांनी गद्दाफींचे समर्थक ठरवून शेजारच्या तावेर्घा गावातील सुमारे ४०,००० कृष्णवर्णीय लिबियनांना घराबाहेर काढले. ठरावात नागरिक म्हणजे कोणत्या बाजूचे असे लिहिलेले नव्हते, तरी तावेर्घासाठी कोणतेही विमान आले नाही.

मार्चच्या त्याच आठवड्यात, ठराव १९७३ च्या तीन दिवस आधी, दुसरीकडेही परकीय सैन्य आले होते. बहारीनच्या राजधानीतील पर्ल चौकात १४ फेब्रुवारीपासून लोक ठाण मांडून होते. देशात शिया बहुसंख्य आणि राजघराणे सुन्नी, त्यामुळे शेजारच्या सौदी अरेबियाला हे आंदोलन आपल्या दारात आल्यासारखे वाटले. १४ मार्चला सौदीचे सुमारे १,००० सैनिक आणि संयुक्त अरब अमिरातीचे ५०० पोलीस पुलावरून आत आले, अर्थात राजाच्या निमंत्रणावरून. दोन दिवसांत चौक रिकामा केला गेला आणि १८ मार्चला चौकातले मोत्याचे स्मारकच पाडून टाकण्यात आले. अमेरिकेच्या पाचव्या आरमाराचा तळ बहारीनमध्ये आहे. वॉशिंग्टनमधून नापसंतीचे चार शब्द आले, त्यापुढे काही नाही. लिबियात लोकांच्या बाजूने उड्डाणबंदी मागणाऱ्या अरब लीगच्या ठरावामागे आखाती राजांचाच पुढाकार होता.

सीरियात लिबियाची सावली पडली. २०११ च्या मार्चमध्ये दराआ शहरातून सुरू झालेले आंदोलन चिरडले जात असताना सुरक्षा परिषदेपुढे निषेधाचा ठराव आला, तेव्हा ४ ऑक्टोबरला रशिया आणि चीनने नकाराधिकार वापरला. लिबियात आपल्याला एक सांगून दुसरे केले गेले, हे त्यांचे कारण होते. ते खरेही होते आणि सोयीचेही, कारण सीरियात रशियाचा नाविक तळ होता. पुढे ३० सप्टेंबर २०१५ रोजी रशियाच्या विमानांनी सीरियात हल्ले सुरू केले ते सीरियाचे राष्ट्राध्यक्ष बशर अल-असद यांच्या निमंत्रणावरून. इराण आणि लेबनॉनमधील हिजबुल्ला संघटनेचे सैनिक तर आधीपासूनच तिथे होते. असद डिसेंबर २०२४ मध्ये मॉस्कोला पळाले, तोवर लाखो माणसे गेली होती. येमेनमध्ये मार्च २०१५ पासून सौदीच्या नेतृत्वाखाली बॉम्बहल्ले सुरू झाले तेही तिथल्या राष्ट्राध्यक्षांच्या विनंतीवरून. २०२१ अखेरपर्यंत तेथील युद्धाने ३,७७,००० बळी घेतले असावेत असा संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा अंदाज आहे, आणि त्यांतील बहुसंख्य भूक, रोग आणि उपचारांअभावी गेले.

लिबियात गद्दाफींनंतर राज्य चालवायला यंत्रणाच उरली नाही. इराकमध्ये जमिनीवर सैन्य ठेवून हात पोळल्यामुळे पाश्चात्त्य देशांना लिबियात थांबायचे नव्हते, आणि लिबियातल्या नव्या नेत्यांनाही परकीय सैन्य नको होते. जुलै २०१२ मध्ये निवडणूक झाली, पण शस्त्रे गटांकडेच राहिली. नव्या सरकारने लढवय्यांना पगार सुरू केले, तेव्हा प्रत्यक्ष लढलेल्यांपेक्षा कितीतरी अधिक नावे याद्यांत आली आणि गट विरघळण्याऐवजी सरकारी खर्चाने पोसले गेले. शस्त्रे सीमेपलीकडेही गेली: गद्दाफींच्या पदरी असलेले सहारातल्या तुआरेग जमातीचे सैनिक ती घेऊन मालीत परतले आणि जानेवारी २०१२ मध्ये तिथे बंड पेटले. २०१४ पासून लिबियात पूर्व आणि पश्चिम अशी दोन सरकारे झाली. पूर्वेचे सेनानी खलिफा हफ्तार यांच्यामागे इजिप्त, अमिराती आणि रशियाचे भाडोत्री सैनिक, त्रिपोलीमागे तुर्कस्तान. एप्रिल २०१९ मध्ये हफ्तार त्रिपोलीवर चालून गेले, तेव्हा दोन्ही बाजूंनी परकीय ड्रोन उडत होते, आणि यावेळी त्यासाठी सुरक्षा परिषदेची परवानगी कोणी मागितलीही नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये युद्धविराम झाला. डिसेंबर २०२१ ची ठरलेली निवडणूक झालीच नाही.

पूर्वेकडील देर्ना शहराच्या डोक्यावर १९७० च्या दशकातली दोन धरणे होती. त्यांच्या दुरुस्तीचे काम उठावापूर्वी एका तुर्की कंपनीला दिले होते, ते २०११ च्या धामधुमीत थांबले आणि नंतरच्या कोणत्याही सरकारच्या काळात पुरे झाले नाही. ११ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे वादळी पावसात दोन्ही धरणे फुटली आणि शहराचा मोठा भाग हजारो माणसांसह समुद्रात गेला. पुढच्या काही दिवसांत तुर्कस्तान, इजिप्त आणि अमिराती यांची विमाने मदत पथके घेऊन पूर्व लिबियाच्या धावपट्ट्यांवर उतरू लागली.